ट्वीडची गोधडी आणि उरलेल्या तुकड्यांच्या भेटी : वाचकांचे प्रश्न

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हातमागावर विणलं जाणारं लोकरी ट्वीड घेऊन त्याची गोधडी शिवायची, असं मनात असलेल्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली आहेत. बहुतेकांना सुती कापडाच्या गोधडीचा सराव आहे आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात. सुती कापडाला चालणारे नियम ट्वीडला जसेच्या तसे लावले की शिवण फुगते, कडा सुटतात, मशीन अडतं. ट्वीडला मोठे तुकडे लागतात, भरपूर माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) लागते आणि वाफ लागते. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ एवढंच आहे.

प्रश्न : एडिंबरातल्या एका दुकानातून ‘हॅरिस ट्वीड’ म्हणून दोन मीटर कापड घेतलं. घरी येऊन पाहिलं तर मागच्या बाजूला कुठेच शिक्का नाही. फसवणूक झाली असेल का?

लगेच तसं समजू नका. गोल आणि त्यावर माल्टीज क्रॉस असलेला ‘ऑर्ब’चा शिक्का कापडाच्या उलट्या बाजूला ठरावीक अंतराने उष्णतेने उमटवतात. थोडंसंच कापड कापून घेतलं तर शिक्का असलेला भाग दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तुकड्यात गेलेला असू शकतो. कापडासोबत मिळणारं विणलेलं लेबल दुकानदाराकडे मागा. त्यावर ऑर्ब आणि क्रमांक असतो. प्रामाणिक विक्रेता ते द्यायला कधीच कुरकुर करत नाही.

या नावामागे कायदा उभा आहे. ऑर्बच्या नोंदणीसाठी अर्ज झाला १९०९ मध्ये आणि कापडावर शिक्का मारायला सुरुवात झाली १९११ पासून. पुढे ब्रिटिश संसदेने १९९३ मध्ये खास कायदा केला. त्यानुसार हॅरिस ट्वीड म्हणजे निव्वळ नव्या लोकरीचं, आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेल्या आणि कातलेल्या सुताचं, तिथल्या रहिवाशांनी आपल्या राहत्या घरी हाताने विणलेलं आणि तिथेच अंतिम प्रक्रिया झालेलं कापड. लुईस, हॅरिस, नॉर्थ यूस्ट, साउथ यूस्ट, बेनबेक्युला, बारा ही ती बेटं. यातली एक अट जरी मोडली तरी ते कापड उत्तम ट्वीड असू शकेल, हॅरिस ट्वीड नव्हे.

कापड लोकरीचं आहे की मिश्रण, हे घरीही कळतं. एक ताण्याचा (उभा) आणि एक बाण्याचा (आडवा) धागा काढून चिमट्यात धरून जाळा. लोकर रडतखडत जळते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी गुठळी बोटाने चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो, त्याचा कडक मणी होतो. यातून लोकर सिद्ध होते, बेट सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न : सोफ्यावर पायांवर घ्यायला मध्यम आकाराची गोधडी करायची आहे. कापड नेमकं किती घ्यावं? चौकोन १० सेंटिमीटरचे चालतील ना?

दहाचे चौकोन नकोत. ट्वीडला दोन्ही बाजूंना सव्वा सेंटिमीटर माया ठेवावीच लागते. १० सेंटिमीटरच्या चौकोनातून ७.५ चाच चौकोन दिसेल आणि जवळजवळ अर्धं कापड शिवणीत जाईल. ते वाया तर जातंच, वर त्याचं वजन गोधडीतच राहतं.

२० सेंटिमीटरचे चौकोन कापा. शिवल्यावर प्रत्येकी १७.५ उरतो. आडवे ७ आणि उभे ९, म्हणजे ६३ चौकोन. चारही बाहेरच्या कडांची माया धरून गोधडी साधारण १२५ × १६० सेंटिमीटरची होते. पाय, मांड्या आणि पोट नीट झाकलं जातं.

कापडाचा हिशेब पन्ह्यावर ठरतो. आजच्या दुहेरी पन्ह्याच्या मागावरचं कापड साधारण १५० सेंटिमीटर रुंद असतं. त्यात एका ओळीत ७ चौकोन बसतात, म्हणून ९ ओळींना १.८ मीटर. कड सरळ करण्यात जाणारं धरून २ मीटर घ्या. जुन्या हॅटरस्ली मागावरचं एकेरी पन्ह्याचं कापड मिळालं तर ते जेमतेम ७५ सेंटिमीटर असतं. २० च्या मापाने एका ओळीत ३ च चौकोन बसतात, १५ सेंटिमीटरची पट्टी प्रत्येक ओळीत उरते आणि कापड लागतं ४.२ मीटर. अशा वेळी चौकोन १८ सेंटिमीटरचा करा. ४ बसतात. ८ × १० असे ८० चौकोन ३.६ मीटरमध्ये होतात आणि गोधडीचा आकार जवळपास तोच राहतो. अर्थात काठ सोडून ७२ सेंटिमीटर मोकळे मिळतात का, हे आधी टेपने मोजा.

हा हिशेब एकाच रंगाच्या कापडाचा आहे. चार-पाच रंग घेणार असाल तर प्रत्येकाच्या ओळी वेगळ्या मोजा, कारण अर्धवट ओळीचं उरलेलं कापड दुसऱ्या रंगाच्या कामी येत नाही.

वजनाचाही अंदाज हवा. नेहमीच्या जाडीचं हॅरिस ट्वीड चौरस मीटरला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ६३ चौकोनांचं कापड अडीच चौरस मीटर, म्हणजे वरचा थरच आठशे ग्रॅम. खाली सुती फ्लॅनेल लावलं की एक किलो दोनशेच्या घरात जाते. मांडीवर हे वजन सुखाचं वाटतं. दुहेरी पलंगासाठी मात्र याच पद्धतीने केलेली गोधडी झोपेत अंगावर जड होते. पलंगाच्या पायथ्याशी टाकायची ६०-७० सेंटिमीटर रुंद पट्टी केलेली आम्हाला जास्त योग्य वाटते.

प्रश्न : कापण्याआधी ट्वीड धुवून घ्यावं का? आणि कापताच दशा निघतात, त्याचं काय करावं?

धुवू नका, वाफवून घ्या. माग सोडताना हे कापड तेलकट आणि राठ असतं. गिरणीत ते धुतात, घट्ट करतात, वाळवतात, वरचे केस कातरतात आणि दाबतात. त्यामुळे त्याचं मोठं आटणं झालेलं असतं. पण तुम्ही शिवताना वाफेची इस्त्री लावणार, तेव्हा ते थोडं आणखी आटतं. कापलेले चौकोन आटले तर एकही दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून आटणं कापण्याआधीच उरकून घ्या.

एक जुनी सुती चादर भिजवून घट्ट पिळा. ट्वीड तिच्यावर पसरा, दोन्ही एकत्र गुंडाळा, प्लास्टिकमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी उलगडून सपाट पृष्ठभागावर, न ताणता वाळवा आणि मग उलट्या बाजूने वाफ द्या. कापड किती आटतंय हे आधी पाहायचं असेल तर कोपऱ्यात २० सेंटिमीटरचा चौकोन कच्च्या दोऱ्याने आखा, भरपूर वाफ द्या, गार झाल्यावर पुन्हा मोजा.

दशांबद्दल. एकोणिसाव्या शतकात गणवेशाच्या लोकरी कापडाच्या गोधड्या होत. ते कापड इतकं घट्ट मळलेलं असे की कडेला कड लावून नुसत्या वरवरच्या टाक्यांनी जोडता येई, माया लागतच नसे. ते नमुने पाहून काही जण ट्वीडवर तोच प्रयोग करतात आणि महिन्याभरात जोड उसवतो. ट्वीडची वीण मोकळी असते, शेवटचे तीन-चार धागे हमखास सुटतात. सव्वा सेंटिमीटर माया ठेवली तर हे धागे गेले तरी टिपेला धक्का लागत नाही. चौकोनांना ओव्हरलॉक करू नका, कारण तिथे दोऱ्याची कड जाड होते आणि ती वरून उमटते. कापलेले चौकोन सारखे उचलू नका, दहा-दहाच्या चळतीत ठेवा आणि लवकर जोडा. दशा हाताळण्यानेच वाढतात.

कापायला ६० मिलिमीटरचं फिरतं पातं घ्या. लहान पातं जाड कापडात उड्या मारतं आणि मधले धागे न कापता सोडतं. कात्री वापरणार असाल तर एका वेळी एकच थर. आणि त्रिकोण टाळा. तिरका काप म्हणजे उरेब. ट्वीडची उरेब कड हातात घेतली तरी लांबते.

प्रश्न : चार चौकोन जिथे मिळतात तिथे गाठोडं तयार होतं. सुई मोडते, मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर चढून बसतं. इस्त्री करूनही ते बसत नाही.

पत्रं सर्वांत जास्त याचीच आली. तो जोड जवळून पाहू.

सुती गोधडीत आपण माया एका बाजूला पाडतो. दोन ओळी जोडताना माया विरुद्ध दिशांना पाडून खाचेत खाच बसवतो. ट्वीडमध्ये तसं केलं तर जोडाच्या सर्वांत जाड जागी किती थर येतात ते मोजा. एका ओळीत पाडलेल्या मायेपाशी ३ थर. ती ओळ दुसरीला जोडून माया पुन्हा पाडली की त्याच बाजूला ओळीचे ३, तिच्या मायेचे ३ आणि दुसऱ्या ओळीच्या मायेचा १, असे एकूण ७. ट्वीडचा एक थर साधारण एक मिलिमीटर धरला तरी सात मिलिमीटरचा उंचवटा. माया दोन्हीकडे उघडून बसवली तर चारही कोपऱ्यांत सारखे ४ थर येतात. म्हणून ट्वीडची प्रत्येक शिवण उघडूनच बसवायची. याला अपवाद नाही.

त्याआधी एक छोटं काम. ओळी जोडण्यापूर्वी, जिथे आडवी शिवण उभीला छेदणार आहे तिथल्या मायेचे कोपरे तिरके कातरा. सात-आठ मिलिमीटरचा त्रिकोण पुरे. टिपेपासून तीन मिलिमीटर दूर राहा. या कातरण्याने जोडापाशीची जाडी कमी होते.

मग इस्त्री. लोकरीच्या तंतूला उष्णता आणि ओल एकत्र मिळाली की तो मऊ पडतो, आणि ज्या आकारात गार होतो तोच आकार धरून ठेवतो. म्हणजे शिवण बसते ती गार होताना. ओलसर सुती फडकं ठेवा, लोकरीच्या तापमानावर इस्त्री टेकवा, आठ-दहा सेकंद दाबा, उचला. पुढे-मागे सरकवू नका, त्याने चौकोन ताणतो आणि चकाकी येते. इस्त्री उचलल्या उचलल्या फडकं काढून त्या जागी गुळगुळीत लाकडी ठोकळा दाबून धरा, अगदी गार होईपर्यंत. पॉलिश नसलेला कुठलाही कठीण लाकडाचा ठोकळा चालतो, कारण लाकूड वाफ शोषून घेतं. ज्यांची शिवण ‘बसत नाही’ त्यांनी बहुतेक वेळा ही गार होण्याची वेळच दिलेली नसते.

मशीनला १०० नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि ३ ते ३.५ मिलिमीटरचा टाका. बारीक टाका लोकरीत रुतून दिसेनासा होतो आणि उसवायची वेळ आली तर कापडच फाटतं. फुटाचा दाब एक-दोन अंकांनी कमी करा. दोन्ही थर सारखे ओढणारं वॉकिंग फूट असेल तर नक्की लावा, नाहीतर वरचा चौकोन पुढे सरकून शेवटी तीन-चार मिलिमीटर लांब उरतो. फूट उंचवट्यावर चढून अडलं तर त्याच्या मागच्या टोकाखाली तेवढ्याच जाडीची घडी घातलेली कतरण सरकवा. फूट सपाट झालं की मशीन मुकाट्याने पुढे जातं. लोकरीचा भुगा खूप पडतो. दर तीन-चार ओळींनंतर सुईखालची पट्टी काढून ब्रशने साफ करा. भुगा साचला की टाके सुटायला लागतात आणि आपण उगाच दोऱ्याला दोष देतो.

प्रश्न : रंग निवडताना गोंधळ होतो. दुकानात सुंदर दिसलेले पाच तुकडे एकत्र ठेवले की सगळं मातकट दिसतं.

ट्वीडमध्ये लोकर आधी रंगवतात आणि मग कातण्याआधी वेगवेगळ्या रंगांची लोकर ठरलेल्या वजनात मिसळतात. त्यामुळे एका धाग्यातच अनेक रंग असतात. कडेचा पाच सेंटिमीटरचा धागा काढून पांढऱ्या कागदावर त्याचा पीळ सोडवा. लांबून तपकिरी वाटलेल्या कापडात नारिंगी, शेवाळी, जांभळट, थोडा आकाशी, असे तंतू वेगळे होतील. गोटाचा (कडेच्या पट्टीचा), थर बांधणाऱ्या गाठींच्या दोऱ्याचा आणि अस्तराचा रंग या लपलेल्या तंतूंमधून उचला. गोधडी एकजीव दिसते, आणि का दिसते ते पाहणाऱ्याला कळतही नाही.

मातकटपणाचं कारण वेगळं आहे. अनेक रंग मिसळल्यामुळे बहुतेक ट्वीड मध्यम गडदपणाची होतात. रंग पाच घेतले तरी उजेड-अंधार एकच राहतो. तुकडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळे एकाच राखाडी छटेत आले तर एक अगदी फिका आणि एक अगदी गडद तुकडा आणा. ६३ चौकोनांत ३५ मध्यम, १४ फिके, १४ गडद अशी वाटणी चांगली दिसते.

हेरिंगबोनची (माशाच्या काट्यासारखी) उभी नक्षी असेल तर एकाआड एक चौकोन ९० अंशांनी फिरवा, एकाच कापडातून दोन छटा मिळतात. फक्त अशा जोडाला टाचण्या जास्त लावा. ताण्याची कड आणि बाण्याची कड सारखी ताणली जात नाही.

प्रश्न : आत भरण घालावं का? अस्तर कोणतं? आणि हातशिलाईचा धावदोरा चालेल का?

भरण न घालता सुरुवात करा. ट्वीड स्वतःच हवा धरून ठेवतं. घालायचंच असेल तर पातळ, चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपासचं सुती किंवा लोकरी. फुगीर पॉलिस्टर नको. त्यावर जड ट्वीड घसरतं.

अस्तराला दोन्ही बाजूंनी लव असलेलं सुती फ्लॅनेल सर्वोत्तम, कारण ते ट्वीडला धरून राहतं. गुळगुळीत सुती किंवा रेशमी अस्तर खाली सरकून पोटासारखं लोंबतं. फ्लॅनेल आधी गरम पाण्यात धुवून आटवा. ११० सेंटिमीटर पन्हा असेल तर जोड गोधडीच्या लांबीत न घेता रुंदीत घ्या. १३५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, म्हणजे २.७ मीटर पुरतात. जोड उभा घेतला तर साडेतीन मीटरच्या जवळ जातं. आटण्यासाठी धरून २.९ मीटर घ्या.

दाट धावदोऱ्याचा हट्ट सोडा. ट्वीडच्या चार थरांतून सुई ओढताना बोटं दुखतात आणि टाके लोकरीत बुडून दिसतही नाहीत. गाठी मारा. पाच किंवा आठ नंबरचा पर्ल सुती दोरा दुहेरी घ्या, जाड टोकदार सुई घ्या. वरून खाली जा, आठ सेंटिमीटर शेपूट ठेवा, अर्ध्या सेंटिमीटरवरून वर या, त्याच जागी पुन्हा एकदा खाली-वर करा. मग उजवं डाव्यावर दोनदा गुंडाळून ओढा आणि डावं उजव्यावर एकदा. दोनदा गुंडाळल्याने पहिला फेरा सैल पडत नाही. दोन सेंटिमीटर ठेवून कापा. गाठ चौकोनाच्या मध्यभागी घ्या. कोपऱ्यावर घेतली तर सुई जोडाच्या गाठोड्यातून जात नाही. भरण घातलं असेल तर त्याच्या वेष्टनावर टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं, ते १७.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर शिवणींच्या मध्यावरही गाठी वाढवा.

गोट ट्वीडचा करू नका. दुमडलेलं ट्वीड कडेला दोरखंडासारखं कडक होतं. घट्ट विणीचं सुती कापड घ्या. नेहमीच्या साडेसहाऐवजी ७.५ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, कारण जाड कड गुंडाळायची आहे. या मापाला ७ पट्ट्या लागतात, ११० च्या पन्ह्यात ६० सेंटिमीटर कापडात होतात. मशीनने वरून जोडा, मागची बाजू हाताने हेम करा.

प्रश्न : वडिलांचं जुनं ट्वीडचं जाकीट आहे. त्यातून गोधडीचे चौकोन निघतील का?

निघतील, पण अख्खी गोधडी नव्हे. पुरुषांच्या जाकिटातून २० सेंटिमीटरचे साधारण बारा-पंधरा चौकोन मिळतात. पाठीचे दोन भाग सगळ्यांत उदार, मग बाह्या. समोरच्या भागात खिसे, चिमट्या आणि आत चिकटवलेलं कडक कापड असतं. ते चिकटकाम वाफेची गरम इस्त्री लावून हळूहळू सोलून निघालं तर ठीक, नाहीतर तो भाग पिशवी किंवा चष्म्याच्या घरासाठी ठेवा. तिथे कडकपणा उपयोगीच पडतो. कोपर आणि कॉलर घासलेली असतात, ती सोडा.

उसवल्यावर प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरा. सुईच्या टोकाएवढी उजेडाची भोकं दिसली तर कसर लागून गेली आहे किंवा अजून आहे. इतर कापडांजवळ नेण्याआधी तुकडे हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या. लगेच उघडली तर थंड लोकरीवर दव धरतं.

प्रश्न : ट्वीड मानेला टोचतं. बाळासाठी केली तर?

हॅरिस ट्वीडची लोकर बव्हंशी शेव्हिअट आणि ब्लॅकफेस जातीच्या मेंढ्यांची, म्हणजे जाड तंतूची. धुण्याने टोचणं जात नाही. वरच्या कडेला १५ सेंटिमीटरची फ्लॅनेलची पट्टी दुमडून लावा, किंवा शेटलंडचं मऊ लोकरीचं ट्वीड घ्या. बाळासाठी नको. ब्रिटनमधली लल्लाबाय ट्रस्ट ही संस्था एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना गोधडी, रजई, उशी काहीच ठेवू नका असं सांगते, मग कापड कोणतंही असो.

प्रश्न : उरलेल्या तुकड्यांतून भेट देण्याजोगं काय होईल? दिसायला गोड आणि खरंच वापरात येईल असं.

आमची पहिली पसंती गरम पाण्याच्या पिशवीच्या अभ्र्याला. ट्वीड उष्णता हळू सोडतं आणि भाजण्यापासून वाचवतं. दोन लिटरची पिशवी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, त्या रेषेबाहेर अडीच सेंटिमीटर वाढवा. यात माया आणि सैलपणा दोन्ही आलं. मानेचा भाग मात्र पिशवीच्या तोंडापेक्षा थोडा रुंद ठेवा. पुढचा भाग एकसंध, मागचे दोन भाग एकमेकांवर आठ सेंटिमीटर चढणारे. फ्लॅनेलचं अस्तर तसंच कापा. मागच्या दोन्ही भागांच्या मधल्या कडा आधी अस्तरासह पूर्ण करा, मग पुढच्यावर सुलट बाजू आत ठेवून सगळीकडून टीप मारा आणि वळणांवर मायेत चिरा द्या. पिशवी रिकामी असताना गुंडाळून आत घालतात, म्हणून बटण लागत नाही. बहुतेक चुका मानेपाशी होतात. तिथल्या चिरा टिपेपर्यंत न नेल्यास सुरकुती पडते. नवी पिशवी सोबत देणार असाल तर तिच्यावरचं फुलासारखं चिन्ह पाहा. मध्ये निर्मितीचं वर्ष असतं, पाकळ्या महिन्यांच्या. जुनी रबरी पिशवी भेट देऊ नका आणि पाणी उकळतं भरायचं नाही, हे चिठ्ठीत लिहा.

एक चौकोन उरला असेल तर चष्म्याचं घर. २० × २० चं ट्वीड, त्याच मापाचं मऊ सुती अस्तर, मागे हलकं चिकटणारं कापड. वरची कड अस्तराला जोडा, लांबीत दुमडून एक सेंटिमीटरवर बाजू आणि दोन्ही तळ शिवा. अस्तराच्या तळात उलटवायला सहा सेंटिमीटर उघडं ठेवा. तयार माप ९ × १८. जाड फ्रेमसाठी रुंदी २२ घ्या.

लॅव्हेंडरची पुडी सगळेच करतात, पण फुलं थेट ट्वीडमध्ये भरतात. मोकळ्या विणीतून भुगा गळतो. आधी दाट सुती कापडाची आतली थैली करा, १५-२० ग्रॅम वाळलेली फुलं भरा, मग वर ट्वीड. अगदी बारीक कतरणी फेकू नका. सुया खोचायच्या गादीत त्या चिरून ठासून भरा. लोकरीचं भरण सुया सहज घेतं आणि जागेवर धरून ठेवतं.

प्रश्न : अशा वस्तू विकायच्या झाल्या तर ‘हॅरिस ट्वीड’ नाव वापरता येतं का?

कापड अस्सल असेल तर त्यासोबत मिळालेलं लेबल वस्तूवर शिवता येतं. लेबल छापून घेणं, ऑर्बचं चित्र आपल्या वेष्टनावर काढणं, किंवा दुकानाच्या नावात ‘हॅरिस ट्वीड’ घालणं यासाठी स्टॉर्नोवे इथल्या हॅरिस ट्वीड ऑथॉरिटीची परवानगी लागते. कापड घेताना किती वस्तू करणार ते सांगून तेवढी लेबलं मागून घ्या. अस्तर, भरण, गोट कशाचे आहेत हेही वेगळं लिहा. पूर्ण गोधडी ट्वीडची आहे असा समज होऊ देणं चुकीचं आहे, विणणाऱ्यावरही आणि घेणाऱ्यावरही अन्याय आहे.

प्रश्न : गोधडी झाली. आता धुवायची कशी, ठेवायची कशी?

शक्यतो धुवायची नाही. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, ट्वीड आटतं आणि अस्तर मात्र तेवढंच राहतं. सगळी गोधडी आक्रसते. दमट हवेच्या दिवशी सावलीत टांगा, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. चहा सांडला तर लगेच टिपकागदाने दाबा, घासू नका, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने बाहेरून आत असं टिपा. जास्तच मळली तर लोकरीची सवय असलेल्या ड्रायक्लीनरकडे द्या आणि अस्तर सुती आहे हे सांगा.

कसर वापरातल्या गोधडीला सहसा लागत नाही. अंधारात, न हलवता ठेवलेल्या आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेल्या लोकरीला लागते. कापड खाते ती अळी. उडणारा पतंग खात नाही, तो अंडी घालतो. त्यामुळे लॅव्हेंडरच्या पुडीवर भिस्त ठेवू नका. स्वच्छ करूनच सुती पिशवीत बंद करा, दर दोन महिन्यांनी बाहेर काढा, शिवणींवरून व्हॅक्युमचं तोंड फिरवा आणि दर वेळी घडी वेगळ्या रेषेवर घाला. त्याच रेषेवर वारंवार मोडलेली लोकर तिथेच आधी विरते.